मखमलीखालचं मशीन

मशीन आलं त्या दिवशी मला माझ्या लग्नात झाला नव्हता एवढा आनंद झाला. घरी जाऊन मी नवऱ्याला तसं सांगितलंसुद्धा. तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "माहितेय. लग्नाच्या फोटोंत दिसतंच आहे."

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यातही रक्ताची. वॉर्डातून रक्त येतं, हाडातली मज्जा येते. ती काचेवर पसरायची, रंगवायची, मायक्रोस्कोपखाली बघायची आणि सांगायचं की हा अमुक आजार. यातच आयुष्य गेलं आणि माझी नजर वाईट नाही. पण रक्ताच्या कॅन्सरचे काही प्रकार असे आहेत की नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यात फरक करायला जावं तर घोडं अडतंच. मोनोसाइट नावाच्या पेशींचा एक कॅन्सर आहे. प्रोमायलोसाइट नावाच्या पेशींचा दुसरा. दुसऱ्याच्या पेशी एरवी दाण्यांनी गच्च भरलेल्या असतात, चटकन ओळखू येतात. पण त्याचाच एक उपप्रकार असतो, त्यात दाणे दिसतच नाहीत आणि केंद्रकाला अशी घडी पडते की पेशी थेट पहिल्या प्रकारातली वाटावी. चांगले चांगले फसतात. आणि इथे फसलं तर माणूस जातो, कारण दोघांचा उपचार वेगळा. प्रोमायलोसाइटवाल्याला व्हिटॅमिन ए-च्या कुळातली एक कॅप्सूल ताबडतोब सुरू करावी लागते. ती न देता दुसऱ्या प्रकारची जहाल औषधं दिली तर रक्तस्राव आवरत नाही.

हे मशीन पेशीच्या रूपावर जात नाही. पेशीच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, प्रथिनांच्या खुणा असतात. कुठल्या जातीच्या पेशीवर कुठल्या खुणा असायच्या हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. आपण रक्तात रंग जोडलेल्या अँटिबॉडी घालायच्या. ज्या पेशीवर ती खूण असेल तिलाच जाऊन त्या चिकटतात. मग मशीन सगळ्या पेशींना एकामागे एक लेसरसमोरून सोडतं आणि कोण कुठल्या रंगात चमकलं ते स्क्रीनवर ठिपक्यांनी दाखवतं. सकाळी रक्त आलं तर दुपारपर्यंत उत्तर. तोवर आम्ही असे नमुने दुसऱ्या शहरात पाठवून उत्तराची वाट बघत बसायचो. पेशंटही वाट बघायचा. काही जण तेवढं थांबू शकायचे नाहीत.

तर मशीन आलं. कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने लेसर जुळवले, पाणी-वीज तपासली, माझ्याकडून आणि आमच्या टेक्निशियनबाईंकडून सगळं चार-चारदा करून घेतलं आणि मशीन चोख चालतंय असं लिहून देऊन निघून गेला. अँटिबॉडीच्या बाटल्या फ्रिजमध्ये रांगेने लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी लॅबमध्ये आलो तर मशीनवर जांभळ्या मखमलीचं भलं मोठं कापड आणि त्यावर आडवी सोनेरी रिबीन. शेजारी शिपाई उभा.

टेक्निशियनबाई म्हणाल्या, "एवढं जाड पांघरूण! थंडी वाजून येतेय वाटतं त्याला."

शिपायाने सांगितलं, मोठ्या साहेबांचा हुकूम आहे. मोठे साहेब म्हणजे आमचे अधीक्षक. मी तशीच त्यांच्या केबिनमध्ये गेले. केबिन नेहमीसारखी थंडगार, टेबलावर काच, काचेखाली साहेबांचे कुणाकुणाशी हस्तांदोलन करतानाचे फोटो.

"मॅडम, उद्घाटन व्हायचंय," साहेब म्हणाले. "पाहुण्यांच्या हस्ते पहिली टेस्ट होणार. निमंत्रणात तसं छापलंय. त्याच्या आधी कुणी हात लावायचा नाही."

"कधी आहे उद्घाटन?"

"तारीख घेतोय. पाहुणे फार बिझी आहेत."

"तोवर मी पेशंटना काय सांगू?"

"आत्तापर्यंत काय सांगत होतात? तेच सांगा." आणि हसले. त्यांना तो विनोद वाटला होता.

त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी स्वतःला समजावलं की आठवड्याभराचा प्रश्न आहे. पाहुण्यांनी तारीख दिली, ती पुढे ढकलली, पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. अँटिबॉडींच्या बाटल्यांवर मुदत छापलेली असते. एकेक मुदत जवळ यायला लागली आणि मशीन मखमलीत गुडुप झोपलेलं.

अशात तो बेकरीवाला आला.

बेकरीवाला म्हणजे भट्टीवर काम करणारा कारागीर. तिशीतला, उंचापुरा, दोन्ही हातांवर भट्टीच्या दाराने भाजल्याचे जुने डाग. हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेला होता, त्याने रक्त तपासायला सांगितलं आणि तिथून तो सरळ आमच्याकडे. त्याची मज्जा मीच काढली. कमरेच्या हाडात सुई घालताना मोठमोठी माणसं आईची आठवण काढतात. हा म्हणाला, "डॉक्टर, पाव भाजलाय का बघताय का?" बायको दाराशी उभी होती. ती त्याला म्हणाली, "गप्प पडा हो जरा."

काचेवर पेशी पाहिल्या. घडी पडलेली केंद्रकं, दाणे नाहीतच म्हणायचे. दहातले नऊ जण मोनोसाइटचा कॅन्सर म्हणतील अशी ती काच होती. पण कुठेतरी, एखाद्या पेशीत, मला काहीतरी खटकत होतं. मी रिपोर्टात लिहिलं: मोनोसाइटचा प्रकार वाटतो, परंतु प्रोमायलोसाइटचा दाणे नसलेला उपप्रकार नाही असं म्हणता येत नाही, पेशींवरच्या खुणा तातडीने तपासणे आवश्यक. 'तातडीने'खाली रेघ मारली. मग पुन्हा त्या थंडगार केबिनमध्ये गेले.

"नमुना बाहेर पाठवा ना, नेहमीसारखा," साहेब म्हणाले.

"साहेब, पंधरा पावलांवर मशीन आहे."

"मॅडम, एका पेशंटसाठी मी सगळा कार्यक्रम मोडीत काढू?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितेय. पुढे चौकशीत ते म्हणाले, आपण असं बोललोच नाही.

वॉर्डात लंबू होता. लंबू म्हणजे कॅन्सरच्या वॉर्डाचा डॉक्टर, माझ्याच वर्गातला. त्याची उंची पाहून तेव्हा पडलेलं नाव अजून चिकटून आहे. मी त्याला फोन केला. "कॅप्सूल सुरू कर. माझ्या मनात पाल चुकचुकतेय."

"अगं, तू पक्कं सांग. पालीवर मी औषध कसं देऊ? रिपोर्टात पहिल्या ओळीत मोनोसाइट लिहिलंयस. पांढऱ्या पेशी भयंकर वाढल्यात, मला आजच केमो लावायला हवी."

"संशय असला तरी कॅप्सूल देतात. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकात सगळंच लिहिलंय," तो म्हणाला. त्याच्या वॉर्डात खाटांच्या मध्ये गाद्या टाकलेल्या असतात. तो रात्रंदिवस तिथे मरतो हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी तो चुकला आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

केमो लागली. दोन दिवसांत बेकरीवाल्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बायको दूध आणायला खाली गेली होती, ती वर येईपर्यंत तो बेशुद्ध होता. पुन्हा शुद्धीवर आला नाही. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा त्याचे अंत्यसंस्कारही होऊन गेले होते. प्रोमायलोसाइट. दाणे नसलेला उपप्रकार.

लंबू माझ्या लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसला. टेक्निशियनबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला, तो गार झाला. समोर ती मखमल. कोणीतरी तिच्यावर धूळ बसू नये म्हणून वरून प्लॅस्टिकही घातलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गाडी शिकवणारी आली.

ती बायकांना मोटार चालवायला शिकवायची. स्वतःचा छोटासा क्लास, शेजारच्या सीटखाली जादा ब्रेक बसवलेली लाल गाडी. छातीवर, खांद्यावर काळेनिळे वळ उठायला लागले तेव्हा तिला वाटलं, शिकाऊ बायका गचकन ब्रेक मारतात, सीटबेल्टचे वळ असतील. मग मांडीवर आले. मांडीवर कुठला आलाय सीटबेल्ट? तिला घेऊन आली तिची सासू. नवरा बोटीवर, महिनोन् महिने समुद्रात. घरात या दोघीच. सासू टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली, आणि आवाज असा की तिला तारेची गरज का पडावी असा प्रश्न पडावा.

"माझ्या सुनेला काय झालंय ते मला सरळ सांगायचं," पहिल्याच भेटीत तिने मला बजावलं. "ती घाबरत नाही, मीही घाबरत नाही. गोड गोड बोलून घोळवायचं नाही."

सून कॉटवरून म्हणाली, "आई, त्यांना बोलू तरी द्या."

तिची काच पाहिली. तीच काच. तीच घडी, तेच दाणे नसलेलं शरीर. बेकरीवाल्याची काच शेजारी ठेवली तर कुठली कुणाची ते मलाही सांगता आलं नसतं. रक्त गोठण्याच्या चाचण्याही बिघडलेल्या.

लंबूने या वेळी वाट पाहिली नाही. माझा फोन जायच्या आधीच त्याने कॅप्सूल सुरू केली होती. "हा प्रोमायलोसाइटच आहे," तो म्हणाला. "मी पैज लावतो. पुन्हा नाही फसायचो मी."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिला धाप लागायला लागली. रक्तात कॅन्सरच्या पेशी इतक्या दाटल्या होत्या की फुप्फुसांतल्या बारीक नळ्या तुंबत होत्या. अशा वेळी रक्त एका वेगळ्या मशीनमधून फिरवून त्या पेशी गाळून काढता येतात. मोनोसाइटवाल्याला त्याने जीवदान मिळू शकतं. प्रोमायलोसाइटवाल्याला तेच केलं तर भळाभळा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून सहसा करत नाहीत.

लंबू धावतच लॅबमध्ये आला. त्याचा चेहरा पांढराफटक. "गाळायचं की नाही? सांग मला. ती आज संध्याकाळपर्यंत थांबेल असं वाटत नाही."

"मी काचेवरून सांगू शकत नाही."

"मग कशावरून सांगू शकतेस?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी त्या मखमलीकडे पाहिलं.

मी साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. मीटिंगमध्येच. त्यांच्या स्वीय सहायकाने सांगितलं की मीटिंग उद्घाटनाच्याच तयारीची आहे, खुर्च्या किती मांडायच्या त्याची. मी फोन ठेवला.

"बाई," मी टेक्निशियनबाईंना म्हटलं, "कात्री द्या."

"कुठली? जाड कापायची की बारीक?"

"जी हाताशी असेल ती."

त्यांनी प्लास्टर कापायची कात्री दिली. रिबीन जाड होती, दोनदा चालवावी लागली. मखमल मी ओढली ती सरळ जमिनीवर पडली. शिपाई "अहो मॅडम, अहो मॅडम" म्हणत बाहेर पळाला. बाईंनी तोवर मशीन सुरू करून रोजची तपासणी लावलीही होती.

एवढ्यात दारात सासू. सुनेच्या रक्ताची ट्यूब वॉर्डातून स्वतः घेऊन आली होती. नर्सने वॉर्डबॉयला हाक मारली, तो सापडेना, तेव्हा हिने ट्यूब तिच्या हातातूनच घेतली होती. मुठीत धरून, छातीशी.

"हे घ्या. आणि मी इथेच उभी राहणार."

मी म्हटलं, "राहा. पण दाराबाहेर. आणि कुणाला आत सोडू नका."

ट्यूबमधलं रक्त छोट्या नळ्यांत घातलं, प्रत्येकीत ठरलेल्या अँटिबॉडी घातल्या आणि नळ्या अंधारात ठेवल्या. आता थोडा वेळ काहीच करता येत नाही. अँटिबॉडीला चिकटायला वेळ लागतो, साहेबांच्याच काय, कुणाच्याही बापाच्या हुकमाने ती घाई करत नाही. नेमक्या त्याच वेळी साहेब आले. त्यांचा आवाज आधी आला.

"कोण आहात तुम्ही? बाजूला व्हा."

"मी पेशंटची सासू. तुम्ही कोण?"

"मी या हॉस्पिटलचा अधीक्षक आहे!"

"मग बरं झालं भेटलात. माझी सून वर धापा टाकतेय. तिच्यासाठी आत काम चाललंय. तुम्हाला आत काय काम आहे?"

 त्यांनी तिच्या खांद्यावरून मान काढून मला हाक मारली. "मॅडम! हा शिस्तभंग आहे! निमंत्रणं वाटून झालीत! पाहुण्यांना काय तोंड दाखवू मी?"

मी नळ्यांत लाल पेशी फोडायचं द्रावण घालत होते. मान वर केली नाही. "हेच दाखवा. तुमच्याकडे दुसरं कुठलं आहे?"

असं मी वरिष्ठांशी कधी बोलले नव्हते. टेक्निशियनबाईंच्या हातातली नळी अर्ध्यात थांबली. मग त्यांनी ती सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवून झाकण इतक्या जोरात लावलं की साहेब दचकले.

"मी तुम्हाला लेखी विचारणार," साहेब म्हणाले.

"जरूर विचारा. मी लेखी सांगेन. बेकरीवाल्यापासून सुरुवात करून सांगेन."

ते निघून गेले. सासूने आत डोकावून विचारलं, "बेकरीवाला कोण?"

मी म्हटलं, "नंतर."

नळी मशीनला लावली. स्क्रीनवर ठिपके पडायला लागले, आधी विरळ, मग थवेच्या थवे. लंबू माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. पहिली खूण डीआर. प्रोमायलोसाइटच्या पेशींवर ही बहुतेक नसतेच. बेकरीवाल्याच्या पेशींवर नव्हती, बाहेरच्या रिपोर्टात तसं होतं. इथे ठिपक्यांचा सगळा ढग उजवीकडे सरकलेला. खूण होती, ठसठशीत होती. माझा विश्वास बसेना. अँटिबॉडीच चुकीची असेल म्हणून मी तिच्याच रक्तातल्या उरल्यासुरल्या निरोगी पेशी पाहिल्या. ज्यांच्यावर डीआर असायला हवी त्यांच्यावर होती, ज्यांच्यावर नको त्यांच्यावर नव्हती. म्हणजे अँटिबॉडी खरं बोलत होती. पुढची नळी लावली. मोनोसाइटची खास ओळख असलेली सीडी चौदा, तिच्या बरोबरीची अकरा-बी. दोन्ही हजर.

"मोनोसाइट," मी म्हटलं.

"काय?"

"मोनोसाइट आहे, लंबू. प्रोमायलोसाइट नाही. गाळ. आत्ता गाळ. कॅप्सूल बंद कर आणि संध्याकाळी तिची केमो लाव."

"नक्की?"

"नक्की. आज पालबिल काही नाही."

तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत गेल्याचं ऐकू आलं. आम्ही दोघं, दोघंही अनुभवी, तो पैजेवर आणि मी मनातल्या मनात, त्या दिवशी चुकलो होतो, आधीच्या मरणाने घाबरून नेमके उलट्या बाजूला चुकलो होतो. मशीन नसतं तर कॅप्सूल देत, न गाळता, तिला गुदमरताना बघत बसलो असतो, आणि बाहेरचा रिपोर्ट आल्यावर पुन्हा हळहळलो असतो.

दारातून सासूने विचारलं, "चांगलं की वाईट?"

"आजार वाईटच आहे. पण कुठला ते कळलं. आता त्याच्याशी भांडता येईल."

"भांडायला मी आहे," ती म्हणाली आणि वळून जिना चढायला लागली.

रात्रीपर्यंत धाप उतरली. पुढचे आठवडे कठीण गेले. ताप, तोंडात फोड, केस गेले. एकदा तिने नर्सला सांगितलं की सासूबाईंना थोडा वेळ घरी पाठवा, त्या आजूबाजूच्या पेशंटना औषध कसं घ्यायचं ते शिकवतायत. पण कॅन्सरच्या पेशी हटल्या. मज्जेत दिसेनाशा झाल्या. तिच्या भावाची मज्जा तिच्याशी जुळली.

इकडे मला 'कारणे दाखवा' आली. त्याआधी साहेबांनी एकदा गोडीत घेऊन पाहिलं. केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, रिपोर्टावरची तारीख तेवढी बदला. मशीनवरची पहिली टेस्ट पाहुण्यांच्या हातची, असं राहू द्या. त्या बाईचा रिपोर्ट काचेवरून दिला असं दाखवू. कुणाचं काय बिघडतं?

"त्या रिपोर्टावर तिची औषधं बदललीत," मी म्हटलं. "उद्या कुणी विचारलं, कॅप्सूल का थांबवली, तर लंबूने काय सांगायचं? स्वप्न पडलं?"

"तुम्ही फार ताणून धरताय."

"आणि काचेवरून मला कळलं नव्हतं, साहेब. काचेवरून ते कळतच नाही, म्हणून तर मशीन आणलं ना?"

चहा मी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी माझी बदली झाली, संग्रहालयात. मेडिकल कॉलेजच्या तळघरात बरण्यांमध्ये जुने अवयव ठेवलेत, त्यांची निगा राखायची. नवी मखमल आली, रिबीन आली, पाहुणे आले. त्यांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. भाषणात साहेब म्हणाले की या मशीनने उद्घाटनाआधीच एका भगिनीचे प्राण वाचवून आमच्या दूरदृष्टीची साक्ष दिली आहे. हे टेक्निशियनबाईंनी मला तळघरात येऊन, साहेबांच्या आवाजात म्हणून दाखवलं. मला हसू आलं नाही. मशीन चालवायला शिकलेली डॉक्टर मी एकटी. मी तळघरात, म्हणून मशीन पुन्हा बंद. लंबू पुन्हा बाहेर नमुने पाठवत होता. एका फॉर्मॅलिनच्या बरणीसमोर उभी राहून मी मोठ्याने शिवी दिली.

आणि मग बेकरीवाल्याची बायको आली. नवऱ्याचे कागद न्यायला आली होती. कागदांच्या खिडकीवर तिच्यापुढे रांगेत सासू उभी होती. सासू कुणाशीही बोलते. बोलता बोलता मशीन, मखमल, कात्री, सगळं निघालं. "आणि तुमचे कोण होते?" सासूने विचारलं. "बेकरीत होते," ती म्हणाली. सासूला लॅबच्या दारात ऐकलेला बेकरीवाला आठवला.

दोघी मिळून तळघरात आल्या. बेकरीवाल्याची बायको माझ्यासमोर उभी राहिली. तिने एकच विचारलं, "ते होते तेव्हा ते मशीन इथे होतं?"

"होतं."

"चालत होतं?"

"चालत होतं."

"मग तेव्हा का नाही फाडलंत कापड?"

"तेव्हा मी परवानगी मागत होते," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगाल?"

मी हो म्हटलं, आणि पुढे सांगितलंही. तिने तक्रार केली, सासूने तिच्यासाठी इतके फोन केले की वरच्या कार्यालयात तिचा आवाज ओळखायला लागले, आणि शेवटी चौकशी बसली. निकाल काय लागला ते आधीच सांगते, म्हणजे कुणी उगाच आशा लावून बसायला नको. साहेबांना समज देण्यात आली. समज! जणू ती कुठून आणून देता येते. मला लॅबमध्ये परत पाठवलं, शिस्तीबद्दल मलाही ताकीद मिळाली. एक परिपत्रक मात्र निघालं की यापुढे कुठलंही यंत्र बसवून झालं की त्याच दिवसापासून वापरायचं, उद्घाटन सवडीने करावं. ते परिपत्रक लंबूने वॉर्डाच्या दारावर चिकटवलं आहे.

चौकशीच्या शेवटच्या दिवशी खोलीत आम्ही सगळे होतो. लांब टेबल, पलीकडे समितीची तीन माणसं, अलीकडे साहेब, मी, लंबू आणि भिंतीशी खुर्चीत बेकरीवाल्याची बायको. तिने बाहेर जायचं म्हणून नीट इस्त्री केलेले कपडे घातले होते. अध्यक्षांनी तिला विचारलं, "तुमची काय मागणी आहे? निःसंकोच सांगा."

"यांनी मला तोंडाने सांगावं," ती साहेबांकडे बोट करून म्हणाली. "मशीन होतं की नव्हतं."

साहेबांनी घसा साफ केला. "तांत्रिकदृष्ट्या पाहता यंत्रणा स्थापित झालेली होती, परंतु औपचारिकरीत्या ती कार्यान्वित—"

"मला हे कळत नाही. साधं सांगा."

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष पेनाशी चाळा करत होते. खोलीत पंखा फिरत होता. मला वाटलं, हा माणूस आताही काहीतरी गुळगुळीत शोधून काढेल, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला, नाहीतर मी उठून काय केलं असतं मला सांगता येत नाही.

"होतं," साहेब म्हणाले.

"चालू होतं?"

"हो. चालू होतं."

"आणि तुम्हाला सांगितलं होतं या डॉक्टरांनी? तेव्हाच?"

साहेबांनी नुसती मान हलवली. तिने ती हललेली नीट पाहिली, पर्स उचलली आणि उठली. अध्यक्ष म्हणाले, "बसा ना, अजून नोंद व्हायचीय, चहा येतोय." ती म्हणाली, "माझं झालं," आणि बाहेर पडली.

मी तिच्या मागे फाटकापर्यंत गेले.  तिची बस येताना दिसत होती. तिनेच विचारलं, "ती कशी आहे हो? गाडी शिकवणारी?"

"भावाची मज्जा दिलीय. घरी आहे. केस यायला लागलेत, बारीक."

"बरं," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.